धुराड्याची मर्यादा आणि आपले पीक



मुळशी तालुक्याने विजेची किंमत जमिनीच्या रूपाने मोजली आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले, तेव्हा मावळातील भातखाचरे बुडणार म्हणून १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट यांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. धरण झाले. त्याचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून रायगड जिल्ह्यातील भिरा येथे उतरवून १९२७ पासून तेथे वीज तयार होत आहे. या वीजगृहाला धुराडे नाही. परंतु आपल्या विहिरीवरील मोटार ज्या विजेवर चालते, तिच्यातील मोठा वाटा कोळशापासून येतो. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस, नाशिकजवळील एकलहरे आणि डहाणू येथील औष्णिक केंद्रांच्या आसपासचे शेतकरी विजेची किंमत धूर आणि राख यांच्या रूपाने मोजत असतात.

मुळशीत औष्णिक केंद्र नाही, मग येथील शेतकऱ्याने या विषयात का लक्ष घालावे, असा प्रश्न येणे साहजिक आहे. उत्तर सरळ आहे. वीज केंद्राच्या धुराड्याला जो कायदा लागू आहे, तोच पिरंगुट परिसरातील कारखान्याच्या बॉयलरला आणि साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाला लागू आहे. परवानगी देणारे मंडळही तेच आहे. मोठ्या धुराड्याचे नियंत्रण कसे चालते हे समजले, की लहान धुराड्यापुढे आपले पीक कसे राखावे हेही कळते.

धुराड्यातून काय बाहेर पडते?

एक हिशेब मांडून पाहू. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने २४ तास चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होते. एका युनिटला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला ८,४०० टन कोळसा जळतो. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते. ते ३५ टक्के धरले तर रोज २,९४० टन राख तयार होते. त्यापैकी सुमारे ८० टक्के, म्हणजे जवळजवळ २,३५० टन राख पिठासारखी बारीक असते व गरम वायूबरोबर वर जाऊ पाहते.

ही राख पकडण्यासाठी धुराड्याच्या आधी ईएसपी नावाचे यंत्र असते. त्यात राखेच्या कणांना विजेचा भार देऊन ते धातूच्या पट्ट्यांवर ओढून घेतले जातात. यंत्राने ९९ टक्के राख पकडली तर काम उत्तम झाले असे आपल्याला वाटेल. परंतु उरलेला एक टक्का म्हणजे रोज साडेतेवीस टन राख. यंत्राने ९९.९ टक्के राख पकडली तर बाहेर पडते फक्त २.३५ टन. कागदावर एका टक्क्याहूनही कमी दिसणारा हा फरक शेतात दहापट होऊन उतरतो. म्हणून यंत्र बसवले आहे की नाही एवढे विचारून भागत नाही. ते आज किती टक्के काम करते, हे विचारावे लागते.

दुसरा पदार्थ म्हणजे सल्फर डायऑक्साइड वायू. कोळशात अर्धा टक्का गंधक धरले तर वरील संचात रोज ४२ टन गंधक जळते. प्राणवायूशी संयोग झाल्यावर त्याचे वजन दुप्पट होते. म्हणजे रोज सुमारे ८४ टन वायू. ईएसपी हा वायू पकडू शकत नाही. त्यासाठी एफजीडी नावाची वेगळी यंत्रणा लागते. तीत धूर चुनखडी कालवलेल्या पाण्यातून किंवा समुद्राच्या पाण्यातून धुऊन काढतात.

धुराड्याच्या उंचीबद्दल बराच गैरसमज आहे. १९९० च्या नियमानुसार ५०० मेगावॅट व त्याहून मोठ्या संचाला २७५ मीटर आणि त्याखालील, २०० मेगावॅटपर्यंतच्या, संचाला २२० मीटर उंच धुराडे लागते. उंचीमुळे वायू दूरवर पसरतो व एका ठिकाणचे त्याचे प्रमाण उतरते. मात्र एकूण वायू तेवढाच राहतो. तणनाशकात जास्त पाणी घालून ते जास्त क्षेत्रावर फवारले, तरी पंपात ओतलेले औषध कमी होत नाही, तसेच हे आहे.

पिकावर होणारा परिणाम

सल्फर डायऑक्साइड पानांच्या पर्णरंध्रांतून आत शिरतो. पर्णरंध्रे उघडी असताना, म्हणजे सकाळच्या वेळी, हवेत दमटपणा व जमिनीत पुरेसा ओलावा असताना इजा जास्त होते. म्हणजे पीक जोमात असते तीच वेळ धोक्याची असते. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार राहते. त्यामुळे लहान धुराड्यांचा धूर वर न जाता शेतावरच रेंगाळतो.

लक्षणे पुढीलप्रमाणे दिसतात.

१. रुंद पानांच्या पिकांत शिरांमधील भाग फिकट होऊन पांढरट, हस्तिदंती किंवा तपकिरी पडतो. शिरा मात्र हिरव्या राहतात. डाग पानाच्या दोन्ही बाजूंस दिसतात.

२. भात, गहू यांसारख्या पिकांत पानांचे शेंडे वाळतात व शिरांमध्ये लांबट पांढरट पट्टे पडतात.

३. नुकतीच पूर्ण उमललेली पाने सर्वांत आधी बळी पडतात. कोवळे पोंगे व जुनी पाने त्यामानाने कमी.

४. लसूणघास, घेवडा, पालक, कापूस ही पिके अधिक हळवी आहेत. मका व ज्वारी त्यामानाने सोशिक आहेत.

गंधक हे पिकाचे अन्नद्रव्यही आहे. गंधकाची कमतरता असलेल्या जमिनीत हवेतून येणारे थोडे गंधक उपयोगी पडते. म्हणून धुराजवळचे प्रत्येक पिवळे पान वायूनेच पिवळे झाले, असे समजू नये.

राखेचा परिणाम वेगळा आहे. पानावर राखेचा थर बसला की सूर्यप्रकाश अडतो व पर्णरंध्रे बुजतात. दव किंवा हलक्या पावसाने ओली झालेली राख पानावर पापुद्र्यासारखी चिकटते. फुलातील स्त्रीकेसरावर राख बसली तर फलधारणेत अडथळा येतो. फुटलेल्या बोंडांत राख गेली तर कापसाची प्रत उतरते. राखेचा धोका केवळ हवेतूनच येतो असेही नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व नाल्यांत शिरले.

मर्यादा कोण घालतो?

हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९८१ मध्ये झाला आणि पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ मध्ये. या दोन कायद्यांनुसार काम साधारणपणे असे वाटले गेले आहे. केंद्र सरकार देशभरासाठी उत्सर्जनाची मानके ठरवते. राज्यात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रत्येक उद्योगाला संमतिपत्र देते. एक संमतिपत्र उभारणीपूर्वी व दुसरे उत्पादन सुरू करण्यापूर्वी घ्यावे लागते. दुसऱ्याचे मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते. या पत्रात धुराड्याची उंची, राख व वायू यांची मर्यादा, बसवायची यंत्रणा व तपासणीचे वेळापत्रक लिहिलेले असते. मंडळाच्या अधिकाऱ्याला आत जाऊन नमुने घेण्याचा अधिकार आहे. अटी मोडल्यास मंडळ उद्योग बंद करण्याचा किंवा त्याचे वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते.

येथे एक तरतूद प्रत्येक शेतकऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मधील तिसऱ्या नियमानुसार राज्य मंडळ एखाद्या उद्योगासाठी केंद्राच्या मानकापेक्षा अधिक कडक मर्यादा घालू शकते. त्यासाठी धूर किंवा सांडपाणी जेथे जाऊन पडते त्या परिसराची स्थिती पाहायची असते व कारणे लेखी नोंदवायची असतात. धूर जेथे जाऊन पडतो तो परिसर म्हणजे आपले शेत, आपली बाग, आपली विहीर. राज्याने अधिक कडक व्हावे यासाठी कायद्याला जे लेखी कारण लागते, ते पुरवण्याची ताकद आपल्या पिकाच्या नोंदीत आहे.

केंद्राची मानके आणि त्यांचा प्रवास

औष्णिक केंद्रांसाठी ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्राने नवी मानके जाहीर केली. प्रमाणित तापमान व दाबाच्या दर घनमीटर वायूमागे मिलिग्रॅममध्ये ती अशी होती.

राखेचे कण: २००३ अखेरपर्यंतच्या संचांना १००, २००४ ते २०१६ मधील संचांना ५०, २०१७ पासूनच्या संचांना ३०.

सल्फर डायऑक्साइड: २०१६ अखेरपर्यंतच्या ५०० मेगावॅटहून लहान संचांना ६००, ५०० मेगावॅट व त्याहून मोठ्या संचांना २००, आणि २०१७ पासूनच्या सर्व संचांना १००.

वर केलेल्या हिशेबातील ८४ टन वायू धुतल्याशिवाय सोडला तर मोठ्या संचाची २०० ची मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते. म्हणजे ही मर्यादा पाळायची तर एफजीडी बसवणे भाग होते. जुन्या केंद्रांना यासाठी प्रथम डिसेंबर २०१७ पर्यंत मुदत होती. ती पुन्हा पुन्हा वाढली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन वर्ग करण्यात आले. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रे ‘अ’ वर्गात आली. अतिप्रदूषित क्षेत्रे किंवा हवेचे मानक न पाळणारी शहरे यांच्यापासून तेवढ्याच अंतरातील केंद्रे ‘ब’ वर्गात आणि उरलेली ‘क’ वर्गात घालण्यात आली.

११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने चित्र पुष्कळच बदलले. ‘अ’ वर्गाला सल्फर डायऑक्साइडची मर्यादा २०२७ अखेरपर्यंत गाठायची आहे. ‘ब’ वर्गाचा निर्णय प्रत्येक केंद्राची स्थिती पाहून होणार आहे. ‘क’ वर्गाला धुराड्याच्या उंचीचा निकष पाळण्याच्या अटीवर या मर्यादेतून सूट मिळाली आहे. देशातील बहुतेक केंद्रे याच वर्गात येतात. राखेच्या कणांची मर्यादा मात्र सर्वांना कायम आहे.

ही वर्गवारी शहरांपासूनच्या अंतरावर ठरली. केंद्राभोवती कापूस आहे, संत्रा आहे की भात, याचा तीत विचार नाही. त्यामुळे शहरापासून दूर असलेल्या केंद्राशेजारच्या शेतकऱ्याला केंद्रीय मानकाचा आधार आता कमी उरला आहे. त्याच्या दृष्टीने संमतिपत्रातील अटी, पर्यावरण मंजुरीतील अटी आणि राज्य मंडळाचा अधिक कडक होण्याचा अधिकार यांचे महत्त्व वाढले आहे. अशा अटीच्या जोरावर काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

डहाणूचा धडा

डहाणू-घोलवडचा पट्टा चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे बीएसईएस कंपनीचे २५० मेगावॅटचे दोन संच उभारण्याचे ठरले, तेव्हा बागायतदार व पर्यावरण संघटना १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. तेथे त्यांना यश आले नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रकल्प थांबवला नाही. परंतु त्या निकालात एक महत्त्वाची गोष्ट होती. एफजीडी बसवण्याची अट पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये आणि तशी मागणी आलीच, तर विरोध करणाऱ्या संस्थेला सूचना देऊन तिचे म्हणणे ऐकल्याशिवाय केंद्राने किंवा राज्याने निर्णय घेऊ नये, असे न्यायालयाने बजावले. खटला हरला तरी अट जिवंत राहिली.

त्याच वर्षी जूनमध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. १९९५ च्या सुमारास केंद्र सुरू झाले, पण एफजीडी शिवाय. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणापुढे शेतकरी थेट आपले म्हणणे मांडू शकत. प्राधिकरणाने मे १९९९ मध्ये एफजीडी बसवण्याचा आदेश दिला. त्यावर पुन्हा न्यायालयीन वाद झाले, प्राधिकरणाला बँक हमी मागण्यापर्यंत जावे लागले आणि २००७ मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारी यंत्रणा प्रत्यक्ष सुरू झाली. १९९१ च्या निकालापासून मोजले तर सोळा वर्षे लागली. तरीही देशात इतरत्र फारच थोड्या केंद्रांत अशी यंत्रणा होती, त्या काळात ती डहाणूत बसली.

मुळशीच्या मावळ्यांशी तुलना केली तर फरक स्पष्ट दिसतो. १९२१ मध्ये त्यांच्या हाती अट घालणारा कायदाच नव्हता. डहाणूकरांच्या हाती एका अटीचा कागद होता आणि तो त्यांनी सोडला नाही.

या प्रकरणात कृषितज्ज्ञांसाठीही एक धडा आहे. २००० च्या सुमारास डहाणू भागात चिकूचे बी पोखरणाऱ्या अळीचा उपद्रव आढळला. अशा वेळी उत्पादन घटले तर दोष राखेचा किती व किडीचा किती, हा वाद उभा राहतोच. शेतकरी राखेकडे बोट दाखवतो, उद्योग किडीकडे. या वादाचा निकाल लावायला घटनेच्या आधीपासूनची नोंद लागते. ती नसेल तर खरे नुकसानही सिद्ध करता येत नाही.

नोंद कशी ठेवावी?

१. बागेतील किंवा शेतातील ठरावीक दहा झाडे किंवा ठरावीक चौरस मीटरचे चार तुकडे खुणा करून निवडावेत. दर पंधरा दिवसांनी त्यांचीच पाहणी करावी.

२. तारीख, वाऱ्याची दिशा, धुके, पाऊस व धुराचा रंग वहीत लिहावा. तारखेसह छायाचित्र घ्यावे.

३. शेजारची निरनिराळी पिके व तणे पाहावीत. कीड, रोग किंवा अन्नद्रव्याची कमतरता बहुधा एका पिकापुरती दिसते. वायूची इजा एकाच वेळी अनेक प्रकारच्या वनस्पतींवर दिसते. ती वाऱ्याच्या दिशेने जास्त व दूर जाताना कमी होत जाते.

४. भातात जस्ताच्या कमतरतेमुळे पडणारे तपकिरी ठिपके व करपा यांची खात्री कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून करून घ्यावी. हे आधी केले म्हणजे पुढे कोणी तो मुद्दा काढू शकत नाही.

५. पानांचे नमुने दोन ठिकाणचे घ्यावेत, एक बाधित शेताचा व दुसरा वाऱ्याच्या उलट दिशेच्या लांबच्या शेताचा. जात, वय व पानाची जागा सारखी असावी. प्रत्येकी अर्धा नमुना धुवावा व अर्धा न धुता ठेवावा. प्रयोगशाळेत गंधकाचे प्रमाण तपासून घ्यावे.

६. घराच्या छपरावर पसरट भांड्यात पाणी ठेवून महिनाभरात पडलेली धूळ वाळवून वजन करावी. हा कायदेशीर पुरावा नव्हे, पण कोणत्या महिन्यात राख वाढली हे त्यावरून कळते.

७. उत्पादनाच्या वजनाच्या व बाजारातील पट्टीच्या पावत्या दरवर्षी जपून ठेवाव्यात.

दाद कोठे मागावी?

प्रथम संबंधित उद्योगाचे संमतिपत्र मिळवावे. ते मंडळाच्या कार्यालयातून किंवा माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. माहिती साधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवी. त्याच अर्जात धुराडे तपासणीचे अहवालही मागावेत. मोठ्या उद्योगांच्या धुराड्यांवर सतत मोजणी करणारी यंत्रे बसवण्याचे निर्देश केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये दिले आहेत. त्यामुळे आकडे नाहीत, हे उत्तर वीज केंद्राला देता येणार नाही.

नंतर आपल्या नोंदीसह मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी. ‘धूर फार येतो’ एवढेच लिहू नये. संमतिपत्रातील अमुक क्रमांकाची अट अमुक तारखेला पाळली गेली नाही, असे लिहावे. तालुका कृषी अधिकारी व तलाठी यांना पाहणी करून पंचनामा करण्याची विनंती करावी. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा गावातील शेतकऱ्यांनी मिळून, ग्रामसभेच्या ठरावासह अर्ज केल्यास अधिक वजन येते.

एवढ्याने भागले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. त्याचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच आहे. पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, तर नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. मुदत गेली की चांगली नोंदही निरुपयोगी ठरते, म्हणून तारखा जपाव्यात.

नवा मोठा प्रकल्प येणार असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते व तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. या सुनावणीत केवळ विरोध किंवा पाठिंबा नोंदवून थांबू नये. कोणती पिके, किती क्षेत्र, फुलोऱ्याचे महिने कोणते, वारा कोणत्या दिशेचा, हे लेखी द्यावे आणि कोणती अट हवी तेही लिहून द्यावे. मंजुरीत शिरलेली अट पुढे वर्षानुवर्षे कामाला येते. न शिरलेली अट नंतर घालून घेणे फार अवघड जाते.

पुढील खरिपाच्या पेरणीपूर्वी आपल्या शिवारापासून जवळच्या धुराड्याचे संमतिपत्र मागवून घ्यावे आणि पिकाच्या नोंदीची वही सुरू करावी. धूर दिसू लागल्यावर सुरू केलेली वही एक वर्ष उशिरा सुरू झालेली असते, कारण धूर नसतानाचे पीक कसे होते हे तिच्यात लिहिलेले नसते.